अमरावतीहून आलेली तार

समस्त वाचकांस, आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांस विशेषकरून, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की अकोल्याच्या त्या लग्नात कोणीही मेलेलं नव्हतं. वकिलांची अमरावतीची थोरली काकू शुद्धीवर होती, पेज पीत होती आणि पुढेही कित्येक वर्षं सुनांना बोल लावत होती. एवढं आधीच सांगून मोकळी होते, कारण लग्नघरातल्या निम्म्या माणसांनी त्या दिवशी तिच्यासाठी गुपचूप डोळे पुसले, आणि त्या सगळ्या रडारडीच्या मुळाशी होती माझ्या मायनं वळलेली तार.

आम्ही फुलवाले. अमरावतीच्या बाहेर आमचा मळा होता. मोगरा, शेवंती, झेंडू, आणि बांधाला चार संत्र्याची झाडं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे साहेब सारखे यायचे आणि सारखे बदलून जायचे. येतानाही गुच्छ, जातानाही गुच्छ. हाराला दोरा चालतो, पण साहेबी गुच्छाला बारीक तार लागते, नाहीतर फुलं साहेबाच्या हातात पडायच्या आधीच माना टाकतात. म्हणून घरात चंदेरी मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची रिळं असत. बाबा तारेत फूल खोवायचे आणि उरलेले तुकडे फेकून द्यायचे. माय ते वेचून ठेवायची, पाणी लागून काळे पडू नयेत म्हणून कोरड्या फडक्यात.

एक दिवस तिनं दोन तारा खिडकीच्या गजाला अडकवल्या, खालच्या टोकाला सूत कातायची टकळी बांधली आणि टकळीला गिरकी दिली. सरसर पीळ चढत गेला. मग दुसऱ्या दोन तारा घेतल्या आणि टकळी उलटी फिरवली. उजवा पीळ आणि डावा पीळ शेजारी शेजारी ठेवला, की मधोमध गव्हाच्या ओंबीसारखी नक्षी उमटते. दोन्ही पीळ एकाच अंगाचे ठेवले तर मात्र नुसती दोरी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं ते पाहिलं, आणि मला हाक मारून दाखवलं, आणि आम्ही दोघी त्या वीतभर तारेकडे बघून येड्यासारख्या हसलो.

मग काय विचारता! दाभणावर तार गुंडाळायची, टोकाशी दाट, बुडाशी विरळ, आणि दाभण हळूच ओढून काढायचं, की हातात मोगऱ्याची कळी. माझ्या केसात तारेचं फूल आलं, चोळीच्या बाह्यांना तारेची किनार आली, देव्हाऱ्याला झालर आली. आमचा रांगता बाळकृष्ण तर इतका नटला की दागिन्यांच्या भारानं एका कुशीवर कलंडायचा.

बाबांना हे बघवेना.

"फुलाच्या घरात तारेचे फुलं!" ते दारातूनच ओरडायचे. "उद्या म्हनशीन, संत्री मातीची करतो."

"मातीची सडत तर नाईत," माय मान वर न करता म्हणायची.

"हासू नको व. लोकायनं हे एकडाव बांधलं का मंग दर लग्नाले तेच पेटीतून काढतीन. अन् माहा मोगरा? तो काय बकरीले चारू?"

बोलणं हसण्यावारी जायचं, पण त्यांची भीती खरी होती. आम्ही जेवत होतो ते मोगऱ्याच्या वाळण्यावरच. फूल वाळतं म्हणून उद्याचं फूल विकतं. मायच्या कामाला ते काम म्हणत नसत. म्हणत, 'तिचा चाळा'.

अशात अकोल्याच्या वकिलीणबाईंचा निरोप आला. त्यांचं माहेर आमच्या मळ्याला लागून, आणि मायशी त्यांची लहानपणापासूनची गट्टी. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात भर वैशाखात फुलांच्या मुंडावळ्या बांधल्या होत्या. दुसऱ्या मंगलाष्टकाला त्या सुकल्या आणि आतून एक मुंगळा निघून नवरदेवाच्या पापणीला डसला. लग्नाच्या फोटोत तो बिचारा बायकोला डोळा मारताना कायमचा अडकून राहिला. आता धाकट्याचं लग्न होतं, तेही वैशाखातच. मुलगी तेल्हाऱ्याची होती, पण कार्य वकिलांच्या दारी होतं. वकिलीणबाईंनी कळवलं, या खेपेला मुंडावळ्या तुझ्या तारेच्या. तोरणं आणि हार मात्र तुझ्या मालकांचेच.

त्यावर आमच्या घरी तह झाला. बाबा म्हणाले, "ठीक हाये. नवरदेवाच्या कपायावर शेवटच्या अक्षतेलोक तुही तार राह्यली, तर करत जाय खुशाल. नाई राह्यली, तर ते पकड अन् ते रिळं मी सोता विहिरीत टाकीन. मंग रडाचं नाई."

"नाई रडत," माय म्हणाली. तिनं कधी नव्हे ते बाबांच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

मुंडावळ्या झाल्या तेव्हा त्या हातात घ्यायची मला भीती वाटली. ओंबीच्या पिळाचे दोन पदर, त्यांना कळ्यांचे घोस, टोकाला झुलणारी बारीक पानं. गुंता होऊ नये म्हणून मायनं त्या सपाट मांडून एका जाड खाकी लिफाफ्यात घातल्या आणि गाडीतली धूळ जाऊ नये म्हणून तोंड कणकेच्या खळीनं चिकटवून टाकलं. तो लिफाफा लक्षात ठेवा.

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. अकोल्याची गाडी उशिरा होती, आणि फलाटावर ऊन असं की लोखंडी बाकावर कोणी टेकेना. बाबा ओल्या पोत्यातल्या फुलांवर पंख्यानं वारा घालत होते. आम्हाला नाही घातला.

वकिलांच्या दारी पोचलो तसं बायकांनी मायला मागच्या अंगणात ओढून नेलं. मी आणि बाबा ओट्यापाशी राहिलो. ओट्यावर वकिलांचे काका बसले होते. कान शाबूत, नजर गेलेली, आणि आवाज कोर्टाबाहेरच्या पुकाऱ्यासारखा.

"कोन हाये?"

"फुलवाला, अमरावतीचा." बाबांनी लिफाफा त्यांच्या हाताला लावला.

"अमरावतीचा? बरं बरं. अन् हे हातात काय देऊन राह्यला?"

आता इथे 'मुंडावळ्या' हा एक शब्द उच्चारला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण बाबांच्या मते त्या शब्दावर हक्क मोगऱ्याचा. तारेला मुंडावळ्या म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी नाक वर केलं, लिफाफा म्हाताऱ्याच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "तार हाये." आणि पोतं उचलून मांडवात चालते झाले.

त्या काळी आमच्याकडे घरी तार येई ती एकाच कामासाठी. माणूस गेल्याचं कळवायला. आणि अमरावतीची थोरली काकू महिनाभर अंथरुणाला खिळलेली. म्हाताऱ्याचा चेहरा विझला. मला वाटलं, म्हाताऱ्याला तारेच्या मुंडावळ्या आवडत नसतील! मीही बाबांमागे गेले.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. म्हाताऱ्यानं मनाशी कायदा काढला: तार फोडली की बातमी, बातमी कळली की सुतक, आणि सुतक लागलं की लग्न राहिलं. पण न फोडलेल्या तारेचं कसलं आलंय सुतक? त्यानं लिफाफा आपल्या ट्रंकेत घातला, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि ट्रंकेवर मांडी घालून बसला. बसण्याआधी फक्त आपल्या बहिणीच्या कानात सांगितलं. "तार आली. कोनाले बोलू नको. अन् आयक, लय जड हाये. वहिनी एकटी नाई गेली. कोनाले तरी संगं घेऊन गेली."

बहिणीनं कोणाला सांगितलं नाही. फक्त प्रत्येकाला सांगितलं की कोणाला सांगू नका.

मांडवात आम्ही बघतोय तर माणसं नको तितकी आनंदात. एक आत्या खदाखदा हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "कांदा व बाई, कांदा!" तिच्यापुढे बुंदी होती.

मुहूर्त जवळ आला आणि वकिलीणबाईंनी मायला विचारलं, "मुंडावळ्या?" मायनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "दारात देल्ल्या ना!" कोणाला दिल्या, ते मी सांगेपर्यंत सगळं घर पालथं घातलं गेलं. भटजी घटिका बघू लागले. वकील म्हणाले, "अरे, काहीतरी बांधा!"

आणि तेव्हा माझ्या वडिलांनी पोत्याच्या तळातून, ओल्या फडक्यातून, मोगऱ्याच्या मुंडावळ्या काढल्या. चोरून करून आणल्या होत्या! बडनेऱ्याच्या उन्हानं कडेच्या कळ्या तपकिरी पडल्या होत्या, पण मुंडावळ्या त्या मुंडावळ्याच. बाबांनी मायकडे बघितलं नाही. माय पदराचं टोक बोटाभोवती वळत उभी होती. ती रडली नाही, कबूल केल्याप्रमाणे.

मी तिचा हात धरला आणि ओढत ओट्यावर नेलं.

"आजोबा, तो लिफाफा द्या."

"कोनता लिफाफा? मले नाई मालूम."

"आजोबा, तुमी त्याच्यावरच बसले," ट्रंकेच्या झाकणातून डोकावणारा खाकी कोपरा बघत माय म्हणाली.

म्हाताऱ्यानं आजूबाजूचा कानोसा घेतला. "हयू बोल व पोरी. अक्षता पडू दे, मंग काढतो तार. सारे मिळून रडू."

मग मायच्या चेहऱ्यावर हसू चढायला लागलं, टकळीच्या पिळासारखं, खालून वर.

"अवो आजोबा, ते तार माही हाये!"

"तुह्या घरची?" म्हातारा हादरला. "अरेरे! तुह्या घरचं कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं! मी केली!"

"तू केली? तुले इंग्रजी येते?"

मी ओट्यावर बसूनच घेतलं, हसता हसता. माय म्हाताऱ्याचा हात धरून उठवू लागली, तो उठेना, शेवटी वकिलीणबाई धावत आल्या आणि त्यांनी चुलतसासऱ्याच्या जानव्याची किल्ली चक्क ओढून घेतली. ट्रंक उघडली. लिफाफा फाडला. म्हाताऱ्यानं बोटं फिरवली, कळी चाचपली, दुसरी कळी चाचपली, आणि मान वर करून मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला, "वहिनी जित्ती हाये रे!" ज्यांना माहीत नव्हतं असं समजलं जात होतं, त्या सगळ्यांनी एकदम हुश्श केलं.

मांडवात भटजींनी बाबांची फुलं नवरदेवाच्या कपाळाला लावलीही होती. वकिलीणबाईंनी ती हातानं बाजूला केली, मायच्या मुंडावळ्या बांधल्या आणि मागे गाठ मारली. नवरदेवानं मान हलवली तशी ती बारीक पानं एकमेकांना लागून किणकिणली. अंतरपाट आला. मंगलाष्टकं सुरू झाली.

बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, हातात तो मोगरा. मी त्यांच्याकडेच बघत होते. पहिल्या अष्टकाला ते जमिनीकडे बघत होते. दुसऱ्याला खालून जरा वर. तिसऱ्याला त्यांनी मान तिरपी केली, जशी ते दुसऱ्या माळ्याचा हार पारखताना करतात. ओंबी दिसली असावी. उजवा पीळ, डावा पीळ. त्यांच्या शेजारची बाई कोणाला तरी म्हणाली, "काय कळ्या हायेत व!" आणि बाबांनी खाकरून घसा साफ केला, जणू त्यांनाच कोणी काही म्हटलं.

इतक्यात तेल्हाऱ्याकडचे एक भारदस्त पाहुणे, नवरीचे चुलते, फेटा सावरत, गुलाबदाणी घेऊन पुढे आले. उत्साही माणूस. त्यांनी व्याह्यांवर शिंपडलं, भटजींवर शिंपडलं, आणि आता नवरदेवाच्या थेट कपाळावर गुलाबदाणी रोखली. भटजी नेमके श्वास घ्यायला थांबले होते. सगळा मांडव गप्प होता. आणि त्या शांततेत माझे वडील, ज्यांनी चारचौघांत बायकोचा उल्लेखसुद्धा कधी केला नव्हता, हातातला मोगरा झेंड्यासारखा उंच करून ओरडले:

"ओ पाहुणे! पानी तिकडं मारा! आमच्या मंडळीच्या कामावर नका मारू, काळं पडन ना!"