उकडलेल्या हरभऱ्यांचा श्वास

“सही करा,” धोटे सर म्हणाले.

मी पेनला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकला.

धोटे सर आमचे मुख्याध्यापक. आमची मुलींची शाळा नागपुरात लकडगंजच्या बाजूला होती. आजूबाजूला सगळ्या लाकडाच्या वखारी आणि लाकूड चिरणाऱ्या आरामशिनी. खिडकी उघडी ठेवली की टेबलावर भुसा बसायचा, बंद ठेवली की जीव जायचा. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि मी तिथे विज्ञान शिकवत होते. त्या दिवशी टेबलावर दहावी ‘अ’च्या प्रात्यक्षिक परीक्षेची मार्कशीट होती. तिच्यावर दोन सह्या लागत. एक बाहेरून आलेल्या परीक्षकांची, दुसरी शाळेतल्या शिक्षिकेची. परीक्षक काळे सर दुसऱ्या शाळेतले, वयानं मोठे; तेही तिथेच बसले होते. त्यांची सही झाली होती. माझी राहिली होती, आणि मी ती करणार नव्हते.

कारण त्या मार्कशीटमध्ये प्रमिला नावाची मुलगी नापास होती. तिचा गुन्हा एवढाच, की तिने फ्लास्ककडे बघून उत्तर लिहिलं होतं.

प्रयोग साधा आहे. झाडं उन्हात स्वतःचं अन्न तयार करतात, हे मुलींना पटकन पटतं. जास्वंदीच्या पानावर काळ्या कागदाची पट्टी लावली, नंतर पानावर आयोडीन टाकलं, की ऊन लागलेला भाग काळानिळा होतो आणि झाकलेला तसाच राहतो. डोळ्यांना दिसतं, विषय संपतो. पण झाडंही आपल्यासारखाच श्वास घेतात, दिवसरात्र घेतात, हे पटायला जड जातं. त्यासाठी हरभरे लागतात. एका फ्लास्कमध्ये मोड आलेले हरभरे ठेवायचे, दुसऱ्यात उकडलेले. दोन्हींत चुन्याची निवळी भरलेली लहान नळी दोऱ्याने टांगायची आणि बुचं घट्ट लावायची. मोड आलेले हरभरे जिवंत असतात. ते कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याने निवळी दुधी होते. उकडलेले मेलेले, त्यामुळे तिकडची निवळी स्वच्छ राहते. निदान पुस्तकात तरी राहते.

थंडीच्या दिवसांत वर्गात केला तेव्हा प्रयोग पुस्तकासारखाच झाला होता. सगळ्या मुलींच्या जर्नलमध्ये तेच लिहिलेलं होतं: दुसऱ्या फ्लास्कमध्ये बदल नाही. परीक्षा मात्र आली उन्हाळ्याच्या तोंडावर. आमच्या प्रयोगशाळेवर टिनाचं छप्पर. आदल्या दुपारी लावलेले फ्लास्क सकाळी पाहिले, तर दोन्हींतली निवळी दुधी. मी तेव्हाच काळे सरांना म्हटलं, हा प्रश्न काढून टाका. ते म्हणाले, वेळ नाही, उत्तर पुस्तकात आहे, मुलींना पाठ आहे, चालू द्या.

आणि चाललं. मुली एकेक करून टेबलापाशी आल्या, फ्लास्कवरचं लेबल वाचलं आणि डोळ्यांसमोर दुधी निवळी असताना ‘बदल नाही’ लिहून गेल्या. वर्गातल्या हुशार मुलींनी तर नळीकडे मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडे प्रात्यक्षिक म्हणजे पाठांतराचीच दुसरी परीक्षा, हे त्या लहानपणापासून शिकल्या होत्या. सगळ्यांना पूर्ण मार्क मिळाले.

प्रमिलाने लिहिलं: ‘निवळी दुधी झाली आहे. का ते माहीत नाही.’

काळे सरांनी ‘माहीत नाही’भोवती लाल गोल काढला आणि शून्य दिलं. भिंगाच्या प्रयोगात ती आधीच गडबडली होती. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे, आणि या शून्याने ती खाली गेली.

“मॅडम, एका पोरीसाठी तुम्ही मले कशाले अडचणीत टाकून राहिल्या?” धोटे सर म्हणाले. “पुस्तकात जे आहे ते आहे.”

“फ्लास्कमध्येही जे आहे ते आहे, सर.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी उठले, प्रयोगशाळेतून तो दुसरा फ्लास्क आणला, बूच काढलं आणि काळे सरांच्या नाकाखाली धरला. आंबूस वास सगळ्या खोलीत पसरला.

“सर, हे हरभरे तुम्ही घरी ताटात वाढाल का?”

त्यांनी फ्लास्क माझ्या हातातून घेतला. बूच परत लावलं.

यात गूढ काही नव्हतं. आमच्या उन्हाळ्यात उकडलेला हरभरा एका रात्रीत आंबतो. तो आंबवणारे जंतू जिवंत असतात, आणि जे जिवंत ते श्वास घेणारच. हरभरे मेले होते, फ्लास्क मेला नव्हता. पुस्तक लिहिणारा कुठल्या तरी थंड गावचा असणार, त्याचा उकडलेला हरभरा दुसऱ्या दिवशीही ताजा राहत असणार. मी हे सगळं सांगितलं. आवाज चढला होता, तो मी खाली आणला नाही.

काळे सर म्हणाले, “समजा, तुमचं खरं. मग तिला मार्क देतो आणि बाकी सगळ्यांचे कापतो. त्यांनी न बघता लिहिलं. चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं.

धोटे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या बाकीच्यांमध्ये शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी होती, वर्गात पहिली येणारी.

खरं तर मला तसं नको होतं. ज्या पोरींना आम्हीच घोकायला शिकवलं, त्यांना घोकलं म्हणून शिक्षा करण्यात कसला आला न्याय? मी म्हटलं, उद्या ‘ब’ तुकडीची परीक्षा आहे, काळे सर येणारच आहेत. आज मी तीन फ्लास्क लावते. एकात मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात नुसते उकडलेले, तिसऱ्यात उकडून फिनाईलच्या पाण्यात बुडवलेले. फिनाईलने जंतू मरतात. ‘अ’ तुकडीला परत बोलवा, या एका प्रश्नाला परत बसवा आणि जे दिसेल ते लिहायला सांगा. मी चुकले तर उद्या मुकाट सही करीन.

काळे सरांनी फ्लास्क माझ्याकडे सरकवला. माझ्या सहीशिवाय मार्कशीट जाणार नव्हती, हे तर होतंच. पण मला वाटतं, तो वासही त्यांच्या नाकातून गेला नव्हता. “लावा,” ते म्हणाले.

फिनाईल शाळेच्या संडासासाठी आणलेलं होतं, तेच घेतलं. फ्लास्क लावून, लेबलं चिकटवून बाहेर आले, तर फाटकाशी प्रमिला आणि तिचा मामा उभे. मामा जवळच्याच आरामशिनीवर कामाला होता, अंगावरचा भुसा झटकून आला होता. प्रमिलाचे आईवडील उमरेडला, घरी हातमाग. ती दहावीसाठी मामाकडे राहत होती. पास झाली की नर्सिंगला पाठवायचं, असं घरात ठरलं होतं.

“बाई, नापास झाली तर मी तिले उमरेडले धाडतो,” मामा म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “बापाच्या मागावर बसन. अजून एक वर्ष मले नाही झेपत. उद्या परत लिवायचं हाये म्हणते. मी तिले सांगू का, पुस्तकातलंच लिव म्हणून?”

प्रश्न वाजवी होता. उद्या तिसऱ्या फ्लास्कने दगा दिला, फिनाईल कमी पडलं, बूच सैल राहिलं, तर माझी फक्त नाचक्की होणार होती. हिचं आयुष्य मागावर जाणार होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रमिलाच बोलली.

“मी नाही लिवत, मामा. मले दिसलं तेच लिवीन.”

“काहून वं? बाकीच्या पोरी येड्या हायेत का?”

“त्याहीनं पाह्यलंच नाही.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “तिला दिसेल तेच लिहू द्या. पुढचं मी बघते.” मग आत जाऊन मी तिन्ही बुचं पुन्हा एकदा दाबून पाहिली.

घोडामैदान जवळच होतं. सकाळी काळे सर माझ्याआधी येऊन बसले होते. मी दार उघडलं आणि आधी तिसरा फ्लास्क पाहिला. निवळी स्वच्छ. दुसऱ्यातली दुधी, पहिल्यातली दुधी. काळे सरांनी तिन्ही फ्लास्क खिडकीशी नेऊन एकेक करून उजेडात धरले, मग दुसऱ्याचं बूच काढून स्वतःच वास घेतला.

“मी हा प्रयोग इतकी वर्षं घेऊन राहिलो,” ते म्हणाले, “पण उन्हाळ्यात फ्लास्ककडे कधी पाहिलं नाही.”

मुली आल्या. ‘जे दिसेल ते लिहा,’ हे काळे सरांनी स्वतः सांगितलं. मुलींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग धोटे सरांकडे, आणि सगळ्यात शेवटी फ्लास्ककडे. पण पाहिलं. बहुतेकींनी बरोबर लिहिलं. प्रमिलाने निरीक्षण लिहिलं आणि खाली अनुमान: ‘दुसऱ्या फ्लास्कमध्ये काहीतरी जिवंत आहे. तिसऱ्यात ते फिनाईलने मेलं.’ काळे सरांनी तिथे लाल पेनने पूर्ण मार्क लिहिले. आदल्या दिवशीचा लाल गोल त्यांनी खोडला आणि शेजारी सही केली. त्यांच्याबद्दल माझं मन साफ झालं ते तेव्हा.

अध्यक्षांच्या मुलीने उकडलेल्या हरभऱ्यांच्या दोन्ही फ्लास्कपुढे ‘बदल नाही’ लिहिलं. पुस्तकात तसंच होतं, असं तिचं म्हणणं. तिचे तेवढे मार्क गेले, पहिला नंबरही गेला. अध्यक्ष शाळेत येऊन बोर्डाचं पुस्तक चूक कसं असेल, असं मला विचारत होते. मी त्यांना हरभरे भिजवून, उकडून, रात्रभर झाकून ठेवायला सांगितले. पुराणातली वांगी पुराणात राहिलेली बरी, पण पुस्तकातले हरभरे ताटात येतात.

मी मार्कशीटवर सही केली. प्रमिला पास झाली, नर्सिंगला गेली.

मलाही बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी माझ्याकडून दहावी काढून मला पाचवीला टाकण्यात आलं. गोपनीय अहवालात धोटे सरांनी शेरा मारला, ‘शिक्षिका पुस्तकाबाहेर जातात.’ मला तो वाचून दाखवला आणि काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे, खाली सही कुठे करू?

पाचवीतही मी हरभरे भिजवले. काही वर्षांनी नवे मुख्याध्यापक आले, दहावी परत माझ्याकडे आली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, ऊन तापलं की मी तो प्रयोग मुद्दाम फिनाईलशिवाय लावत असे. मुली टेबलाभोवती जमायच्या आणि विचारायच्या, “बाई, काय लिवायचं?” मी म्हणायची, “काय दिसतं?” बहुतेक जणी पुस्तकातलं लिहायच्या. एखाद्या वर्षी एखादी ‘दुधी झाली, का ते माहीत नाही’ असं लिहायची.

तिला मी पूर्ण मार्क द्यायची, आणि का ते नंतर शिकवायची.