रेवाची भाषा आणि बाबांचा रुमाल

मैत्रिणींनो, आठवतंय? सत्तरच्या दशकात कॉन्व्हेंटमधून घरी येताना सांगलीच्या हळदपेठेत आपले पांढरे मोजे पिवळे व्हायचे. तिथे माझे बाबा रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून हळदीचा भाव ठरवत असायचे.

आज ते सगळं आठवलं. माझी नात रेवा हिची एका गुंतवणूक कंपनीत नोकरीसाठी परीक्षा होती. सकाळी म्हणाली, "आजी, भाषा कोणती घेऊ?"

"इंग्रजीच घे गं. छाप पडते."

इतकी हसली! "अगं, कॉम्प्युटरची भाषा! पायथॉन की सी प्लस प्लस? मित्र म्हणतात, सी प्लस प्लसनंच छाप पडते."

"आणि तुला काय वाटतं?"

"तिथं काम भावांचा अंदाज बांधायचं आहे. त्याला मुळात संख्याशास्त्र लागतं, आणि कल्पना पटकन तपासायला पायथॉन बरी. सी प्लस प्लस वेगवान आहे, पण लिहिताना माझं अर्धं डोकं तिच्यातच अडकतं."

बाबाही आधी समोर कोण आहे ते बघायचे आणि मग भाषा निवडायचे. कर्नाटकातल्या माणसाशी कानडी, तासगावकडच्याशी "आवं पाटील, बोट तर धरा!"

रेवानं पायथॉनमध्येच परीक्षा दिली. निकाल उद्या आहे आणि आम्हा दोघींचा जीव टांगणीला लागलाय. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?

मुलांनो, तुम्हीही हे वाचताय म्हणून सांगून ठेवते. माझ्यामागे माझ्या बांगड्या सुनांनी वाटून घ्याव्यात. बाबांचा तो पिवळा पडलेला रुमाल मात्र, निकाल काहीही लागो, रेवाला द्यायचा.