इंदुबाईंनी न लिहिलेल्या दोन ओळी

इंदुबाई वानखडे यवतमाळहून पुण्यात आल्या, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी. कात्रजच्या पुढे, महापालिकेत गेलेल्या एका गावात त्या बालवाडी चालवत. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे चौकातला वार्ताफलक आपसूक त्यांच्याकडे आला. फळा होता आप्पासाहेबांच्या भिंतीवर, म्हणजे गावातल्या जुन्या बागायतदाराच्या. कुणीही चिठ्ठी द्यावी, खाली आपलं नाव घालावं. बाई सकाळी लिहून टाकत. नगरसेवक झोपलेत, रस्ता खणून ठेवलाय, काहीही.

दोन हजार सातची निवडणूक तोंडावर आली आणि पाणी तुटलं. नव्या सोसायट्यांत आयटीवाले, भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भाची माणसं. टँकर मात्र तेवढेच. ‘गाववाले’ आणि ‘बाहेरचे’ असे दोन तट पडले.

एके सकाळी गाववाल्यांच्या उमेदवाराचा कार्यकर्ता हिंदुराव चिठ्ठी घेऊन आला. ‘टँकर आधी गाववाल्यांना. बाहेरचे रांगेत दिसले की हाणा.’

“पहिलं वाक्य लिहिते,” बाई म्हणाल्या. “दुसरं नाही.”

“तुमी बी बाहेरच्याच. झोंबलं व्हय?”

“झोंबलं तर पहिलंच. तरी लिहितेय ना?”

हिंदुराव तणतणत गेला. संध्याकाळी सोसायटीतला अभिनव आला, हिंजवडीत नोकरीला असलेला इंजिनिअर. त्याच्या चिठ्ठीत होतं, ‘गावठी जनावरांना हाकला.’ बाईंनी चिठ्ठी परत केली.

“काकू, फ्री स्पीच नावाची गोष्ट असते!”

“असते ना. टँकर कोण वळवतं ते नाव घेऊन विचार, लिहिते. अख्ख्या गावाला जनावर म्हणायला माझा खडू मिळणार नाही.”

अभिनवने तोंड वाकडं केलं, पण तिथेच बसून दुसरी चिठ्ठी लिहिली: ‘टँकरचं वेळापत्रक कोण ठरवतं?’

रविवारी हिंदुराव दहा-बारा जणांना घेऊन आप्पासाहेबांकडे गेला. बाईंकडून फळा काढून घ्या, त्या बाहेरच्यांचीच बाजू घेतात, असं त्याचं म्हणणं. बाईंना बोलावलं.

“काढा खुशाल,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या गावाबद्दलही एक चिठ्ठी आली होती. तीही मी लिहिली नाही.”

“कुणी दिलती?” हिंदुराव उसळला.

“लिहिलीच नाही, तर नाव कशाला सांगू?”

मग आप्पासाहेबांनी विचारलं, “आन् त्यो वेळापत्रकाचा सवाल? त्याला उत्तर हाय का कुणाकडं?” त्यांनी टँकरवाल्याला बोलावून घेतलं, आठवड्याच्या पाळ्या ठरवल्या आणि त्या बाईंनाच फळ्यावर लिहायला सांगितल्या. गावातल्या दोन आळ्यांना पाणी उशिराचं आलं म्हणून थोडी कुरकुर झाली. मारामारी झाली नाही.

हिंदुराव वर्षभर बाईंशी बोलला नाही. चिठ्ठ्या मात्र देत राहिला, खाली स्वतःचं नाव घालून. त्यातल्या तीन तर बाईंच्याच विरुद्ध होत्या. त्याही बाईंनी जरा ठळक अक्षरांत लिहिल्या आणि रिक्षा थांबवून वाचणाऱ्यांकडे बघत मजेत बालवाडीकडे निघाल्या.