मी म्हातारा केलेला माणूस

माझी नात पुण्यात कंप्युटरच्या खेळांतली माणसं घडवते. चेहरे, हात, चाल, सगळं. मी जन्मभर चिखलीला पाट्या रंगवल्या आणि फोटोवरून चित्रं काढली, म्हणून घरात तिच्या धंद्यातलं कळणारा मीच एकटा, असं ती म्हणते. मलाही ते पटतं. खोटा विनय मला जमत नाही.

दिवाळीत ती आली तेव्हा तिनं मला लॅपटॉपवर दोन चेहरे दाखवले. पहिला एका जुन्या खेळातल्या शिपायाचा. ती शाळेत असताना हा माणूस तिला अगदी जिवंत वाटायचा, तो मेला की ती रडायची. आता बघितला तर साबणाच्या वडीवर नाक-डोळे कोरावेत तसा. दुसरा तिनं स्वतः केलेला, साठीच्या पुढचा शेतकरी. त्याच्या कातडीवरची छिद्रं दिसत होती, भुवईतला केस न् केस वेगळा होता.

"आबा, यात काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "सगळ्या सुरकुत्या आहेत, पण हा म्हातारा वाटत नाही. आमचे साहेब म्हणतात छान आहे. मला नाही पटत."

"तू तरण्या पोराला पीठ फासलंयस," मी म्हणालो.

तिला राग आला. राग तिनं माझ्याकडूनच उचललाय, त्यामुळे मला तो आवडतो. मग मी तिला माझी फजिती सांगितली. तोवर ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा होतो. चिखलीच्या बाजाराच्या वाटेवर माझं दुकान होतं. पुढच्या अंगाला पाट्या वाळत घातलेल्या आणि मागच्या खोलीत चित्रं. गावोगावचे लोक मेलेल्या माणसाचा बोटभर फोटो घेऊन यायचे. मी त्यावर बारीक चौकोन आखायचो, मोठ्या कागदावर तेवढेच मोठे चौकोन पाडायचो, चेहरा उतरवायचो आणि काळ्या भुकटीनं छाया भरायचो. देवीचे व्रण बुजवायचे, तिरळा डोळा सरळ करायचा, रंग दोन हात उजळ करायचा. लोक म्हणायचे, "जसाच्या तसा हाये." जसाच्या तसा कधीच नसायचा. मेलेलं माणूस जरा बरं दिसावं एवढीच त्यांची इच्छा असायची आणि ती पुरी करण्यात माझा हात कुणी धरला नसता.

एके दिवशी मेहकरकडच्या एका खेड्यातून एक बाई आपल्या लेकीला घेऊन एसटीनं आली. बाई पन्नाशीला टेकलेली, कपाळ मोकळं. लेक सत्तावीस-अठ्ठावीसची. बाईनं पदराच्या गाठीतून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. जत्रेत तंबूतल्या फोटोवाल्यानं काढलेला. काळी टोपी घातलेला, तोंड घट्ट मिटून उभा असलेला, पंचविशीचा जवान.

"हिचे बाबा," बाई म्हणाली. "ही पोटात व्हती तवा मुदतीच्या तापानं गेले."

मी नेहमीप्रमाणे विचारलं, केवढं मोठं करू. बाई म्हणाली, "मोठं नाई करायचं भाऊ, म्हातारं करायचं."

मला वाटलं, थट्टा करते. तिची लेक खाली बघत होती. मग बाईनं सगळं सांगितलं. घरात हा फोटो टांगलेला. आलेला पाहुणा विचारतो, पोरगा कधी वारला? लेकीची पोर आता सात वर्षांची, ती फोटोला आजोबा म्हणायला तयार नाही.

"म्हनते, हा तं दादा हाये. आता सांगा, मी आजी झाली अन् हे दादाच राह्यले. मी एकलीच म्हातारी होऊन राह्यली, बाप्पा. मले यायच्या बाजूनं बसवा. पर हे माह्या बरोबरीचे पाह्यजेत. आज असते तं जसे असते, तसे."

असं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पण "जमणार नाही" हे शब्द त्या वयात माझ्या तोंडाला माहीत नव्हते. मी बाईला स्टुलावर बसवून समोरून तिचं चित्र काढलं. शेजारची जागा कोरी ठेवली. काढताना माझ्या मनात आलं की शेजारी धडधाकट नवरा बसणार, मग कपाळ मोकळं कसं शोभेल? मी शहाणपणानं विचारलं, "मावशी, कुंकू लावू का चित्रात?"

"ते म्हातारे झाले म्हनून मी सवाशीण होत नाई, भाऊ," ती म्हणाली. "माहं जसं हाये तसं काढा."

मी कपाळ मोकळंच ठेवलं. असल्या बाईला फसवता येणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या मायलेकी गेल्यावर मी फोटोतला चेहरा उतरवला आणि त्यावर म्हातारपण चढवलं. कपाळावर तीन आडव्या रेघा, डोळ्यांच्या कोपऱ्यांत कावळ्याच्या पायांसारख्या सुरकुत्या, मिशा पांढऱ्या, गाल जरा आत. उभं राहून बघितलं आणि मलाच हसू आलं. गणपतीत नाटकात पोरं आजोबा होतात तसा तो दिसत होता. रेघा सगळ्या जागच्या जागी होत्या, पण त्या त्याच्या नव्हत्या. नातीचा शेतकरी बघून मला हीच आठवण झाली.

मग मी एक युक्ती केली, आणि अजून ती आठवली की कान तापतात. बाई बोलण्याच्या ओघात म्हणाली होती की तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, कापूस घेऊन चिखलीला येतात. रक्त एकच, म्हणजे म्हातारपणही एकाच साच्यातलं, असा मी हिशेब केला. अडत्याच्या माणसाकडून त्यांना ओळखून घेतलं आणि समोरच्या ओट्यावर बसून बाजाराच्या दोन दिवसांत त्यांचा चेहरा कागदावर उतरवला. रापलेलं कपाळ, त्यावर रुमालाच्या रेघेवरची गोरी पट्टी, लोंबलेल्या कानाच्या पाळ्या. ते सगळं मी दुकानात आणून, बाईशेजारच्या कोऱ्या जागेत, त्या जवानाच्या चेहऱ्यावर बसवलं. नाक त्याचं, हनुवटी त्याची, बाकी सगळं भावाचं. आता मात्र चित्र बोलायला लागलं. समोरच्या हॉटेलवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, या माणसाला चहा देऊ का?

ठरल्या दिवशी मायलेकी आल्या. बाई दारात उभी राहिली, तिची नजर चित्रावर गेली, आणि तिनं झटकन पदर नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड केलं.

मी खूश. मला वाटलं, इतक्या वर्षांनी नवरा समोर आला, लाजली बिचारी. मी हॉटेलात दोन कप जास्तीचे सांगितले. हॉटेलवाल्याला डोळ्यानं खुणावलंसुद्धा.

तेवढ्यात लेक म्हणाली, "माय, हे तं मोठे बाबा हायेत!"

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर तोंड उघडं टाकत नाही. ते खाटेवर बसले असतील तर ती अंगणातून पलीकडे जाते. त्या बाईनं उभ्या जन्मात त्या माणसाकडे सरळ बघितलं नसेल. आणि मी त्याला तिच्या मांडीला मांडी लावून एका चौकटीत बसवलं होतं.

पदराआडूनच ती बोलली. "हे घरात लावलं असतं तं गावानं काय म्हनलं असतं? सत्तावीस वर्सं मी कोनाले बोट दाखवू देल्लं नाई. अन् तुमी..."

चहा आला आणि तसाच निवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चित्र फाडायला उचललं तर तिनं भिंतीकडे तोंड ठेवूनच हात आडवा केला. "फाडू नका. जित्ता मानूस हाये."

मी कात्रीनं कागद मधोमध कापला. तिचा अर्धा ठेवला, भासऱ्यांचा अर्धा गुंडाळून माळ्यावर टाकला. पुढे कधीतरी तो मी त्यांनाच देऊन टाकला. कुठून आला ते काही सांगितलं नाही. ते भारीच खूश झाले. फक्त म्हणाले, "नाक माहं नाई वाटून राह्यलं."

त्या दिवशी बाई निघाली असती तर मी तिला अडवलं नसतं. पण एसटीला वेळ होता. ती स्टुलावर बसली आणि मी जमिनीवर. त्या काळात गिऱ्हाइकासमोर जमिनीवर बसणं मला कमीपणाचं वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं.

"मावशी," मी विचारलं, "ते तोंडाचं काय करायचे?"

"काय म्हंजे?"

"म्हणजे हसताना, बैल हाकताना, कुणी वाकडं बोललं तर. फोटोत नुसते उभे आहेत. मला काहीच दिसत नाही."

नवऱ्याबद्दल परक्या माणसाशी बोलायची तिला सवय नव्हती. आधी तिनं लेकीकडे बघितलं. लेकीनं बापाला कधी पाहिलंच नव्हतं, तीही कान देऊन बसली. मग बाई हळूहळू बोलू लागली. हसायचे ते ओठ मिटूनच, कारण बैलानं शिंग मारून पुढचा दात पाडला होता. म्हणून फोटोतही तोंड मिटलेलं. आभाळ बघताना उजवा डोळा बारीक करायचे. काही पटलं नाही की बोलत नसत, खालचा ओठ दाताखाली धरून मान डावीकडे टाकत.

"कशी टाकत?" मी विचारलं.

तिनं मान टाकून दाखवली, आणि आभाळ बघतानाचा तो डोळाही.

आणि मला तो दिसला. बाईच्या चेहऱ्यावर. उजवा डोळा बारीक केल्याबरोबर त्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या अशा काही गोळा झाल्या की त्या तिथं नेहमीच्याच राहायला असाव्यात. डाव्या डोळ्याजवळ निम्म्यासुद्धा नव्हत्या. हाच चेहरा समोर बसवून मी चित्र काढलं होतं आणि मला हे दिसलं नव्हतं. सहा-सात वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या सवयी उचलल्या होत्या आणि पुढची सत्तावीस वर्षं त्या आपल्या तोंडावर सांभाळल्या होत्या. तिला याचा पत्ताही नव्हता.

"पुन्हा करा," मी म्हणालो, आणि कागद ओढला. "आभाळ बघा. आता हसा, ओठ मिटून."

"येड लागलं का भाऊ?" असं म्हणत तिनं केलं. लेक हसायला लागली, मग तीही हसली, ओठ मिटूनच. त्यांची एसटी गेली. पुढच्या गाडीपर्यंत मी काढत राहिलो.

इथवर आलो तेव्हा नातीनं लॅपटॉप उघडला होता. "म्हणजे सुरकुती वयानं पडत नाही?" तिनं विचारलं.

"वयानं पडते, पण कुठं पडायचं ते माणूस आधीच ठरवून ठेवतो," मी म्हणालो. "तुझा म्हातारा तरुणपणी कसा हसायचा, ठाऊक आहे तुला?"

तिला ठाऊक नव्हतं. तिनं त्याच्या गालावरच्या निम्म्या रेघा पुसून टाकल्या आणि मला म्हणाली, "पण आबा, तुमचं ते चित्र आज बघितलं तर लाकडी वाटेल ना?"

"वाटेल," मी म्हणालो. "माझी तेव्हाची सगळीच चित्रं आता लाकडी वाटतात. डोळ्यांत एकच पांढरा ठिपका, केस शाईत बुडवल्यासारखे. तुझा शिपाई म्हातारा झाला तशी तीही झाली आणि तुझा हा शेतकरीही वीस वर्षांनी होईल. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याच्यासाठी चित्र काढलं त्याला त्या दिवशी माणूस दिसला की माझं काम झालं."

"मग? त्यांना दिसला का?" नातीनं विचारलं.

या वेळी मी हॉटेलवाल्याला बोलावलं नव्हतं. चहाही सांगितला नव्हता. नवीन कागदावर दोघांना शेजारी बसवलं होतं आणि वर फडकं टाकून ठेवलं होतं. बाई लेकीला घेऊन आली, स्टुलावर बसली. मी फडकं काढलं आणि तिच्या हाताकडे बघत राहिलो, पदराकडे जातो की काय म्हणून.

हात मांडीवरच राहिला. बाई स्टुलावरून उठून उभी राहिली. नवऱ्यासमोर बसायची रीत तिच्या पिढीत नव्हती. ती चित्राच्या अगदी जवळ गेली आणि उजवा डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिली. लेकीनं मागून विचारलं, "माय, हेच व्हते का बाबा?"

मी तिथं आहे हेही ती विसरली होती. ती त्याच्याशीच बोलली.

"भलतेच म्हातारे झाले हो तुमी."