नव्याच्या आधीची पेज

"नाक घास," खोत म्हणाले. मी घासलं.

देवळापासून वीस पावलांवर. आम्हा महारवाड्यातल्यांना तिथवरच यायची मुभा. सारा गाव उभा होता. माझी सात वर्षांची पोर पदर धरून बाजूला उभी होती. जमिनीवर बारीक खडे होते. नाकाची साल गेली.

गुन्हा सांगते. पोर तापातून उठली होती. नाचणीची भाकर तिच्या घशाखाली उतरेना. "आये, भाताची पेज दे गो," म्हणायची. घरात तांदळाचा कण नव्हता. धनी मुंबईला गोदीत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला खोतांची जमीन आम्ही कसायचो. लावणी मी केली, तण काढून बेणणी मी केली. लवकर येणारं हळवं भात पिकत आलं होतं. पण देवाला नवं चढल्याशिवाय नव्या भाताला कोणी तोंड लावायचं नाही, अशी रीत. नव्याचा दिवस खोत ठरवायचे. मी थांबले नाही. दोन मुठी लोंब्या ओरबाडल्या, दाणे भाजले, कांडले, पेज केली. पोर वाडगाभर प्याली.

चार दिवसांनी अवेळी पाऊस कोसळला. गावाचं भात आडवं झालं. खोतांच्या गड्यानं माझ्या दारात ताजा कोंडा पाहिला होता. पावसाचं कारण सापडलं.

नाक घासून झाल्यावर गुरवानं कौल लावला. म्हणाला, "देवानं माफ केलं. आता हात जोड. एवढं पिकवलं, त्याचे उपकार मान."

मी हात जोडले. खरी लाज इथं आहे. मी ते मनापासून केलं. रडत म्हटलं, "देवा, तुझे उपकार हायत. पापिणीला पदरात घेतलंस." अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला.

घरी येताना पोरीनं विचारलं, "आये, मी पेज प्याले म्हणून पाऊस पडला?"

"व्हय," मी म्हटलं. "पुन्हा मागू नको."

तिनं पुन्हा काही मागितलं नाही.

पुढल्या वर्षी, नव्याला आठ दिवस होते तेव्हा, मी खोतांच्या परसात लाकडं टाकायला गेले. खोतीणबाईंनी ओट्यावरून माझ्या पदरात पोहे टाकले. हात लांब धरून, वरून.

"घे. नव्या भाताचे आहेत. आमच्या धाकट्याला धीर कुठला. कालच कांडून घेतले."

"बाई, अजून नवं चढलं नाय."

त्या हसल्या. "अगं, घरातल्या पोरांचं देव मनावर घेत नाही."

वाईट हेतूनं बोलल्या नाहीत त्या. सहज बोलल्या. मी पोहे घेऊन वाटेवरच्या दगडावर बसले. खोतांचा राग नंतर आला. आधी स्वतःचीच शरम वाटली. वर्षभर मी पापीण होऊन जगले. पोरीलाही पापीण केलं.

नव्याच्या दिवशी खोतांनी गावादेखत हाक मारली. "गेल्या वर्षी देवानं माफ केलंय तुला. ये पुढं, उपकार मान."

मी गेले. खाली वाकले नाही.

"देवाचे उपकार हायत. भुईचे हायत. ते मी रोज बांधावर मानते," मी म्हटलं. "तुमच्या घरात आठ दिवसांमागं नवे पोहे झाले. कोणी नाक घासलं?"

आमचीच माणसं दोन पावलं मागं सरली. त्यांच्यात उभ्या माझ्या सासऱ्यांनी मान खाली घातली.

पेरणीआधी खोतांनी जमीन काढून घेतली. धन्यांनी मुंबईहून निरोप धाडला, जिभेला हाड नाय तुझ्या. आता मी दुसऱ्यांच्या बांधावर राबते. पोरीला सांगितलं, मी खोटं बोलले होते, पाऊस तुझ्यामुळं पडला नव्हता. ती ऐकून घेते. तिला पटलंय असं वाटत नाही. ताटात पडेल तेवढं खाते आणि उठते.

देवाला मी हात जोडते, पुढंही जोडीन. माणसाच्या हुकमानं जोडणार नाही. आणि भूक लागली म्हणून माझ्या घरातलं कोणी माफी मागणार नाही. मी मागू देणार नाही.