डोळस दाढेबरोबर जोहे ते रोहा

रोज एकवीस मोदक खाणाऱ्या गणपतीचा दात का किडत नाही?

मला सांगता येत नाही. मी आहारशास्त्राची पदवीधर आहे, आमच्या घरातली पहिलीच पदवीधर. वडिलांनी माझं प्रमाणपत्र लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलं आहे. तरीही सांगता येत नाही.

प्रश्न कुंदामामीचा. मामी पेणजवळ जोह्याला राहते आणि तिथल्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. दिवाळीपासून तिची उजवीकडची वरची दाढ ठणकत होती. गाल सुजायचा, उतरायचा, पुन्हा सुजायचा. चावता येईना म्हणून ती दिवसभर गोड चहात बिस्किटं नाहीतर टोस्ट बुडवून खायची. तो मऊ गोड लगदा नेमका त्याच दाढेत जाऊन बसायचा, दाढ आणखी किडायची, आणि मामी आणखी एक कप चहा टाकायची. डॉक्टरकडे जा म्हटलं की एकच उत्तर.

"वरची दाढ काढली की नजर जाते गो. नजर गेली तर मी काय डोळे मिटून डोळे काढू?"

मी फोनवरून तिला साखर, जंतू, आम्ल सगळं समजावलं. शेवटी तिने गणपतीच्या दाताचा प्रश्न विचारला आणि फोन ठेवला.

त्याच महिन्यात मला रोह्याजवळ धाटावच्या एका शाळेत 'आपला आहार, आपले दात' या विषयावर मुलांशी बोलायचं होतं. मला एक युक्ती सुचली. मामीच्याच कारखान्यातून प्लास्टरची मोठी दाढ करून घ्यायची, मधोमध काळी कीड रंगवलेली. कीड रंगवता रंगवता मामीला आपल्या दाढेची अवस्था कळेल आणि ती आपण होऊन रोह्याच्या डॉक्टरकडे येईल. आता लिहिताना युक्ती जरा भोळी वाटते आहे, पण तेव्हा मी फार खूश होते.

पहिला दिवस: पनवेल ते जोहे

पनवेलहून पेणला जाणाऱ्या एसटीत बसा आणि हमरापूर फाट्यावर उतरा. सगळ्या गाड्या फाट्यावर थांबत नाहीत, म्हणून चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे. फाट्यावरून जोह्याला रिक्षा मिळते. जानेवारीत भात निघून गेलेलं असतं, रिकाम्या शेतांच्या कडेला वाल टरारलेला असतो, आणि घराघरांपुढे पांढरे, न रंगवलेले गणपती ओळीने उन्हात सुकत बसलेले असतात. परदेशात जाणारे गणपती याच दिवसांत रंगून निघतात, त्यामुळे रंगकाम पाहायचं असेल तरी हीच वेळ चांगली. फोटो विचारून काढा. कुणी नाही म्हणत नाही.

मामी कारखान्यात होती. गाल एका बाजूने फुगलेला, हातात बारीक ब्रश.

"आलीस? तुझी दाढ तयार हाय. बघ तरी, कशी बसलीय."

बसलीय, हा शब्द तिने सहज वापरला नव्हता. दाढ खरोखर बसली होती. मी दिलेल्या चित्रात दाढेची मुळं खाली लोंबत होती. तशी ती उभी राहीना, म्हणून कारखान्यातल्या लोकांनी मुळांची मांडी घातली होती आणि तिला पाटावर बसवलं होतं. गुडघ्याएवढी, शुभ्र, मोत्यासारखी चमकणारी दाढ. कीड कुठेच नाही. आणि मधोमध दोन डोळे. लांबट, शांत, काजळ घातलेले. मी उजवीकडे सरकले तरी माझ्याकडे बघत होते, डावीकडे सरकले तरी माझ्याकडेच.

"मामी, हिला डोळे का?"

"आखणी केल्याशिवाय माल बाहेर जात नाय."

"पण ही दाढ आहे!"

"मग आंधळी पाठवू? मालक बोलेल, कुंदाचे हात गेले."

"आणि कीड? मी कीड सांगितली होती."

मामीने ब्रश खाली ठेवला. "सुजे, खंडित माल या कारखान्यातून आजवर गेला नाय. एवढा टवका उडाला तरी आम्ही मूर्ती देत नाय. आणि तू सांगतेस, चांगल्या दाढेला भोक पाड?"

मग ती दाढेकडे निरखून बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"बघ. डोळे कसे शोभतात. दाढेचा नि डोळ्याचा संबंध हायच."

म्हणजे मी पनवेलहून आले, आणि मामीची चुकीची समजूत प्लास्टरमध्ये ओतून, रंगवून, पाटावर बसवून घेतली.

संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी. मडकं उपडं करून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. या दिवसांत रायगडात आलात आणि पोपटी न खाता परत गेलात तर आलात कशाला? डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून मामाही आला. मामी शेजारी बसून टोस्ट भिजवत होती. हीच मामी एकेकाळी चिंबोरीचे आकडे, म्हणजे खेकड्याच्या नांग्या, दातांनी फोडून आम्हाला आतलं मांस काढून द्यायची.

"एक शेंग तरी खा," मामा म्हणाला.

"वास घेतलाय," मामी म्हणाली. "पोट भरला."

मामाने आपल्या ताटातला मऊ बटाटा कुस्करून तिच्यापुढे सरकवला. तिने तोही डावीकडून, डोळे बारीक करून गिळला. उद्या पेणच्या दुकानातून पॉलिश पेपर घ्यायचा, असं मी तेव्हा ठरवलं. दाढेचे डोळे घासून काढायचे, म्हणजे निदान समजूत तरी पुसली जाईल.

दुसरा दिवस: पेण ते रोहा

मामी बरोबर आली. माझ्यासाठी नाही, डॉक्टरसाठी तर मुळीच नाही. "तू आपटशील तिला," एवढंच कारण. दाढेला गोणपाटात गुंडाळलं, पण डोळे उघडे ठेवले, कारण मामी म्हणाली, एवढी आखणी केली ती काय झाकायला?

पेणला उतरून पोह्याचे पापड आणि पॉलिश पेपर घेतला. पापड परतीच्या वेळी घ्या, नाहीतर माझ्यासारखा चुरा घरी न्याल. रोह्याची एसटी वडखळ, नागोठण्यावरून जाते. रस्ता पूर्वीपेक्षा बरा आहे, पण मांडीवर दाढ असेल तर प्रत्येक खड्डा वेगळा कळतो.

कंडक्टरने दाढेकडे पाहिलं, दाढेने कंडक्टरकडे पाहिलं.

"लगेज लागेल," तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "का देवी हाय?"

मी "नाही" म्हणायच्या आत मामी बोलली, "दाढेश्वरी."

"मग नको. पण सीटवर बसवू नका, सीटवर बसवली तर फुल तिकीट."

एवढं पुरलं. पुढच्या सीटवरच्या आजींनी मागे वळून हात जोडले आणि डबा उघडून एक पेढा दाढेच्या माथ्यावरच्या खाचेत ठेवला. "माझी पण लय दुखते हो." वडखळला एक गृहस्थ चढले. त्यांनी आपला गाल दाढेच्या गालाला लावून दोन मिनिटं डोळे मिटले. नागोठण्यापर्यंत दाढेवर कुंकू होतं, गळ्यात, म्हणजे हिरडीच्या जागी, झेंडूची माळ होती आणि माथ्यावर पेढे, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू आणि अर्धी जिलबी होती.

मी उभी राहून सांगितलं, "अहो, गोड चिकट पदार्थांनीच दात किडतात! ही तर दाताचीच प्रतिकृती आहे."

"म्हणूनच तर तिला दिला," आजी म्हणाल्या. "तिला पावला तर आम्हाला पावेल."

बसभर प्रसाद वाटला गेला. नाकारणार कसा? मामीने पेढा विरघळवून खाल्ला. मी चिक्की खाल्ली, दोनदा. पनवेलच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी माझीही एक वरची दाढ काढायला सांगितली होती. अर्धी तुटलेली ती मी तशीच ठेवली होती. चिक्की नेमकी तिच्यात घुसली. रोहा येईपर्यंत बसच्या उजव्या बाजूला दोन सुजलेले गाल होते, एक मामीचा, एक माझा, आणि मधे दाढेश्वरी, जिला काहीच होत नव्हतं.

रोह्याच्या स्टँडजवळ वडा-उसळ चांगली मिळते असं ऐकलं आहे. आम्ही दोघी नुसतं पाणी प्यायलो.

धाटावच्या रिक्षात शिफ्टला निघालेले दोघे जण होते. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त पाय आवरून दाढेला जागा करून दिली. शाळेत मुलं रांगेत बसली होती. मी बोलायला सुरुवात केली आणि शाळेत शिरताना दाढेवर ओढलेलं गोणपाट काढलं. पहिल्या रांगेतली मुलगी किंचाळली.

"मॅडम! कीड!"

दाढेच्या खाचेत पेढ्याचा आणि जिलबीच्या पाकाचा चिखल झाला होता आणि त्यावर मुंग्यांची काळी रांग लागली होती. गोणपाटातूनच चढल्या असाव्यात. बरोबर मधोमध, मी चित्रात जिथे भोक काढून दिलं होतं तिथेच. मामीने जी कीड रंगवायला नकार दिला होता, ती स्वतः चालत आली होती.

मी तयार केलेलं भाषण बाजूला ठेवलं. "आज सकाळी ही दाढ स्वच्छ होती," मी म्हटलं. "पेणपासून इथपर्यंत हिने काय काय खाल्लं ते सांगते." आणि मी स्टॉपवार सांगितलं. खरे दात मुंग्या खात नाहीत, तोंडातले जंतू हा उरलेला गोडवा खाऊन आम्ल करतात, हेही सांगितलं. एकदा खाल्लेल्या लाडवापेक्षा दर तासाला खाल्लेलं बिस्कीट वाईट, कारण तोंडाला सावरायला वेळच मिळत नाही. वाल, नाचणी, काकडी, शेंगदाणे चावून खा, खाल्ल्यावर चूळ भरा, झोपताना घासा. मामी मागे बाकावर गाल धरून बसली होती. "दर तासाला बिस्कीट" म्हटल्यावर तिने खिडकीबाहेर पाहिलं.

मग एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग गणपतीचा दात?"

हा प्रश्न माझ्या मागे रोह्यापर्यंत आला होता.

मागून मामी म्हणाली, "तो खातो नि लगेच पाण्यात जातो. अख्खाच चूळ भरतो. तुमच्यासारखा तोंड न धुता झोपत नाय."

वर्ग हसून लोळला. उत्तर शास्त्रीय नाही, पण मुलांच्या डोक्यात माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा तेच राहणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात त्या पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. "दाढेला डोळे आहेत म्हणजे दाढ काढली की डोळे जातात ना? आमची आजी सांगते."

मामी आता खिडकीबाहेर बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही जात," मी म्हटलं. माझी दाढ ठणकत होती. "मी आज संध्याकाळी माझी वरची दाढ काढणार आहे. ही माझी मामी येऊन बघेल."

हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

रोह्यातल्या दाताच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. कोपऱ्यात ठेवलेल्या दाढेश्वरीकडे पाहून त्या इतक्या हसल्या की त्यांना मास्क बदलावा लागला. मामीला त्यांनी समजावलं, की दाढेच्या आणि नजरेच्या नसा वेगळ्या असतात. उतारवयात दात पडतात आणि नजरही अधू होते, म्हणून लोक दोन्ही गोष्टी जोडतात. मामीने ऐकून घेतलं आणि ती खुर्चीच्या पायथ्याशी उभी राहिली. इंजेक्शन झालं. ओढताना आवाज आला तेव्हा मामीनेच डोळे मिटले.

"किती बोटं?" तिने लगेच हात पुढे करून विचारलं.

तोंडात कापूस होता. मी तीन बोटं दाखवली.

"समोरच्या दुकानाची पाटी वाच."

"फापफ भांदार," मी म्हटलं.

"बघा डॉक्टर! वाचता येत नाय!"

"वाचता येतंय हो," डॉक्टर म्हणाल्या. "बोलता येत नाहीये. पापड भांडार आहे ते."

मामी दारात जाऊन पाटी नीट बघून आली. मग पिशवीतून सुई-दोरा काढला आणि माझ्या हातात दिला. मी दोरा ओवला. तिने तो दोरा दोनदा ओढून बघितला, मग ती चप्पल काढून खुर्चीवर चढली.

सूज होती, त्यामुळे तिची दाढ त्या दिवशी काढली नाही. गोळ्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. परतीच्या एसटीत एक बाई लाडू घेऊन पुढे आल्या, तेव्हा मामीने हात आडवा धरला.

"ही गोड घेत नाय. काकडी हाय का?"

घरी

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जोह्याला गेले. मामीची दाढ निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात पाटावर बसली, समोर अमेरिकेला जाणारा गणपती. मामा दाराशी उभा होता, कामाला जायचं सोडून. मामीने ब्रश टेकवला आणि एका दमात पापणीची रेघ ओढली. मग दुसरी. मामाने चप्पल घातली आणि तो कामावर निघाला.

मी दाढ परत नेली होती. "मामी, आता तरी कीड काढ."

"खंडित नाय करणार," ती म्हणाली. मग तिने काळा रंग घेतला आणि दाढेच्या खाचेत एक ठसठशीत ठिपका दिला. "ही तीट. एवढी गोरी हाय, नजर लागेल."

लांबून बघितलं तर तो ठिपका हुबेहूब किडीसारखा दिसतो. पुढच्या शाळेत मुलांना मी तो आधी दाखवणार आहे, डोळे नंतर.

दाढेचे डोळे घासून काढायला घेतलेला पॉलिश पेपर पिशवीत तसाच होता. काल त्या पेपरने मी आईचा गंजलेला भाकरीचा तवा घासून टाकला.