शिडीमामांचं रिटर्न गिफ्ट

बहिणीच्या लग्नात त्यांनी शिडी दिली. ॲल्युमिनियमची, घडीची, वर लाल फीत बांधलेली. ती हॉलच्या दारातून आडवी येईना म्हणून त्यांनी उभी आत आणली, तेव्हा वराकडच्यांना वाटलं, कुणी तरी बल्ब बदलायला आलंय. त्या दिवसापासून दोन्ही घरांत त्यांचं नाव शिडीमामा पडलं. भाची जन्मायच्या आधीच ते मामा झाले, ते असे.

त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, कड्या, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या. ज्या वस्तूचा उपयोग नाही ती भेट नव्हे, ते धूळ पुसायचं काम, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते न विचारता सांगत. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी बायकोला आग विझवायचं नळकांडं आणलं होतं. "तुला लाल रंग आवडतो म्हणून लाल घेतलं," असंही म्हणाले. मामींनी ते स्वयंपाकघरात टांगलं आणि त्या विषयावर पुन्हा काही बोलल्या नाहीत.

अशा माणसाला मुलांच्या वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट निवडायला कुणी सांगितलं असतं? पण भाचीला पाचवं वर्ष लागणार होतं. तिला घरात चिमणी म्हणत. त्याच आठवड्यात बहिणीच्या औषधांच्या दुकानात मालमोजणी निघाली, आणि मेव्हण्यांनी सवयीप्रमाणे हात वर केले.

"दादा, तेवढी रिटर्न गिफ्टं तू बघ," बहीण म्हणाली. "पिशवीत मावेल असं काही तरी. फार डोकं लावू नकोस."

शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी जमलं नसतं.

रविवारी ते बहिणीकडे गेले आणि आधी मिळालेल्या रिटर्न गिफ्टांचा खण त्यांनी जमिनीवर उपडा केला. टोक न काढणारं शार्पनर, झाकण हरवलेला कंपास, बघता बघता शेपूट निघालेला डायनासोर. प्रत्येक वस्तू त्यांनी दिव्याजवळ नेऊन पाहिली. मनगटी घड्याळाशी येऊन त्यांचं घोडं अडलं.

"याचे काटे छापलेले आहेत."

"लहान मुलांचं आहे ते, दादा."

"मग लहान मुलांनी वेळेवर यायचं नाही का?"

बहिणीने कपाळाला हात लावला आणि ती कामावर गेली. मामा मात्र दिवसभर तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. त्यांना चिमणी बघायची होती. ती काय खेळते यात त्यांना रस नव्हता. तिचं काय अडतं, हे त्यांना पाहायचं होतं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते हाच प्रश्न विचारत: काय हवंय ते राहू द्या, अडलंय काय ते सांगा.

चिमणीचं सगळंच अडत होतं. हात धुवायचे तर बेसिन उंच. दिवा लावायचा तर बटण उंच. टॉवेल, कंगवा, पाण्याची बाटली, सगळं मोठ्यांच्या खांद्याशी. "बाबा, वर घ्या." "बाबा, काढून द्या." संध्याकाळी बाहेर रस्त्यावरून बँड वाजत गेला तेव्हा ती खिडकीखालच्या भिंतीशी उभी राहून नुसती ऐकत होती. मामांनी तिला उचललं. तोवर बँड कोपऱ्यावरून वळला होता.

"गेला," चिमणी म्हणाली. तक्रार नव्हती. तिला सवय होती.

मामा घरी न जाता थेट सुताराकडे गेले.

त्यांनी बनवून घेतली ती छोटी स्टुलं. मुलाला एकट्याने उचलता येतील इतकी हलकी, हात घालायला वर भोक, उलटू नयेत म्हणून पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले. पहिल्या स्टुलावर ते स्वतः उभे राहिले. सुतार दुसरीकडे बघत होता. स्टूल मोडलं नाही.

वाढदिवसाला मुलं आली, नाचली, केक अंगाला फासून झाला आणि निघायच्या वेळी मामांनी पडद्यामागून स्टुलांची चळत काढली. बहिणीने ती तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

"पिशवीत मावेल असं म्हणाले होते मी."

"पिशवी मोठी घ्यायला हवी होती," मामांनी मान्य केलं.

मुलं खूश होती. काही जण जिन्यातच बसून बघत होते. एक जण बसने घरी जाताना मधल्या वाटेत आपल्या स्टुलावर बसला आणि उतरायचा स्टॉप आला तरी उठेना, असं त्याच्या वडिलांनी नंतर सांगितलं. वडील हसत नव्हते.

खरी गंमत पुढे झाली. मुलांचे हात पहिल्यांदाच सगळीकडे पोचले. एकाने आईचा फोन साबण लावून स्वच्छ धुतला. एकीने घरातले सगळे दिवे भरदुपारी लावून ठेवले. बसमधल्या त्या मुलाने तर आई गॅलरीत कपडे वाळत घालत असताना आतून कडी लावली आणि निवांतपणे बिस्किटांचा डबा खाली काढला. आई काचेतून आधी गोड बोलली, मग तिखट बोलली. डबा संपल्यावर त्याने दार उघडलं.

बहिणीच्या फोनवर निरोपांचा पाऊस पडला. तिने तो सगळा दादासमोर धरला.

"एक काम सांगितलं होतं तुला."

मामांनी सगळे निरोप वाचले. "कड्या खाली आहेत यांच्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दुकान मामींवर सोपवून ते घरोघर निघाले. जिथे माफी मागावी लागली, तिथे त्यांनी मागितली आणि मागता मागता खालची कडी काढून दाराला वरच्या अंगाला नवी बसवली. माफी मागताना हात रिकामे असले की त्यांना सुचत नसे.

एका घरचा निरोप वेगळा होता. तिथली मुलगी फार बारीक आवाजात बोलायची. शाळेत तिचं बोलणं बाईंनासुद्धा वाकून ऐकावं लागे. तिच्या आईने लिहिलं होतं, कृपया स्टूल परत न्या, नव्या फरशीवर ओरखडे पडताहेत.

मामा पोचले तेव्हा आई दारातच ते ओरखडे दाखवू लागली. ते मुलीच्या खोलीतून निघून आतल्या खोलीपर्यंत रेघ मारल्यासारखे गेले होते. तेवढ्यात कर्रर्र आवाज आला. मुलगी स्टूल ओढत समोरून गेली. पाहुण्यांकडे तिने पाहिलंही नाही.

आतल्या खोलीत तिची पणजी होती. दवाखान्यात असतो तसा उंच पलंग, कडेला कठडा. पणजीला मान वळवता येत नसे. औषध द्यायला कुणी वाकलं की तेवढा चेहरा दिसे, एरवी छत. मुलीने स्टूल पलंगाला टेकवलं, वर चढली, कठडा धरला आणि आपला चेहरा पणजीच्या चेहऱ्यावर आणला.

"आज मी डब्यातलं सगळं नाही खाल्लं," ती म्हणाली.

"मी पण नाही," पणजी म्हणाली.

"कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगणार?"

मग शाळेतल्या कुणाचा तरी दात पडल्याची लांबलचक हकिगत सुरू झाली. आवाज बारीकच होता. पण कान इतका जवळ असल्यावर मोठा करायची गरजच नव्हती. पणजी मधूनमधून "मग?" म्हणत होती.

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, ही नुसती फरशी घासतेय."

मामांनी खिशातून रबरी टोप्या काढल्या. खुर्च्यांच्या पायांना बसवतात त्या. "या लावल्या की ओरखडे नाही पडणार," ते म्हणाले. "पण ती खाली उतरल्याशिवाय लावता येणार नाहीत."

"थांबाल का मग?"

ते बाहेरच्या खोलीत थांबले. आईने चहा केला. दाताची हकिगत संपली तशी आजारी मांजराची सुरू झाली. मामांनी चहा संपवला आणि टोप्या हातात धरून बसून राहिले. डोळ्यांत काही गेलं असावं, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

त्या रात्री जेवताना त्यांनी बहिणीला फोन करून हे सगळं सांगितलं.

"रबर आधीच लावायला काय झालं होतं?" ती म्हणाली.

"चुकलं," मामा म्हणाले. उरलेल्या घरांत जाऊन त्यांनी सगळ्या स्टुलांना टोप्या लावल्या. स्टूल मात्र कुणीच परत दिलं नाही. गॅलरीवाल्या आईनेसुद्धा नाही. तिचा मुलगा आता पायपुसण्यावर चिखल न सांडता स्टुलावर बसून स्वतः बूट काढून जागेवर ठेवत होता, आणि बिस्किटं तिने माळ्यावर हलवली होती.

पुढे काही महिन्यांनी ती बारीक आवाजाच्या मुलीची आई दुकानात आली. मुलीचा वाढदिवस जवळ आला होता. कड्या बघण्याचं नाटक थोडा वेळ करून तिने विचारलं, "मुलांना काय द्यावं, सुचत नाही. तुम्ही सांगाल का?"

"असं कसं सांगणार?" मामा म्हणाले. "कोण कोण मुलं येणार? त्यांचं काय अडतं?"

"ते मला काय माहीत?"

"मग बघावं लागेल. शाळा सुटताना ती सगळी फाटकाशी असतात ना?"

मामी गल्ल्यावरून हे ऐकत होत्या. त्यांनी शांतपणे दुकानाची किल्ली आपल्याकडे ओढून घेतली.

"पावणेदोनला सुटते शाळा," त्या म्हणाल्या. "जेवून जा."